एनआयसीयूत बाळाभोवती नेमकं कोण कोण असतं?

समई

दिवस भरण्याआधी जन्मलेलं किंवा जन्मताच आजारी पडलेलं बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) दाखल झालं की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "मोठे डॉक्टर कोण आहेत?" प्रश्न रास्तच आहे. मी याच विभागात परिचारिका आहे आणि मला वाटतं, त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायला हवा: "आत्ता या घटकेला माझ्या बाळाजवळ कोण आहे?" मोठे डॉक्टर दिवसातून काही वेळा येतात, तपासतात, निर्णय घेतात. तो निर्णय तासातासाला पार पाडणारी माणसं वेगळी असतात. त्यांच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हा धागा. आई-बाबा, इथे काम करणारे, पूर्वी केलेले, सगळ्यांनी भर घाला.

सुरुवात सिस्टरपासून. लोकांना तिचं काम औषध देणं आणि दूध पाजणं एवढंच दिसतं. प्रत्यक्षात ती दर तासाला काय बघते ते सांगते. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसमध्ये आहे का. ज्या हाताला सलाईन आहे तो सुजलाय का, गार पडलाय का. सुई शिरेबाहेर सरकली तर इतकी कोवळी कातडी बघता बघता खराब होते. सीपॅपच्या (नाकातून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राच्या) नळ्यांनी नाकाच्या मधल्या पडद्यावर लाली आली आहे का. पोट फुगलंय का, हाताला घट्ट लागतंय का. लघवी किती झाली हे ओलं डायपर वजनकाट्यावर ठेवून काढायचं, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. सिरिंज पंपावरचा आकडा आणि केसपेपरवरची ऑर्डर जुळते का. हे सगळं लिहायचं आणि पुढच्या तासाला पुन्हा बघायचं.

या बघण्यातून जे कळतं ते बऱ्याचदा मॉनिटरच्या आधी कळतं. काल पाय झाडणारं बाळ आज हात सोडला की हात तसाच पडू देतं. कातडीवर जाळीदार नक्षी उमटते. पचत असलेलं दूध तुंबायला लागतं. तापमान उगाच वर-खाली होतं. कमी दिवसांच्या बाळात जंतुसंसर्गाची सुरुवात अशीच असू शकते, सणकून ताप येईलच असं नाही. "सर, हे बाळ आज मला बरं वाटत नाही" एवढं सिस्टरने म्हटलं की चांगले डॉक्टर तिच्याकडे पुरावा मागत बसत नाहीत. येऊन बघतात आणि गरज वाटली तर ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ती तपासणी) पाठवतात.

सिस्टरच्या अशाच एका निरीक्षणावर काविळीवरचा आजचा एक मोठा उपचार उभा आहे. १९५६ साली इंग्लंडमध्ये एसेक्समधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात कमी दिवसांच्या बाळांचा विभाग सांभाळणाऱ्या सिस्टर जीन वॉर्ड हवा चांगली असली की बाळांना थोडा वेळ बाहेर उन्हात नेत. त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडं करून दाखवलं. अंगाचा पिवळेपणा ओसरला होता, पण चादरीच्या कोपऱ्याखाली झाकला गेलेला तिकोनी भाग पिवळाधमक राहिला होता. तिथल्या रिचर्ड क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा धागा पकडून काम केलं आणि १९५८ साली प्रकाशोपचारावर शोधनिबंध छापला. आज कावीळ झालेली बाळं निळ्या दिव्याखाली ठेवतात त्याची सुरुवात ही. (हे वाचून कुणी घरी बाळाला उन्हात धरून भागवू नका. कावीळ किती आहे ते मोजावं लागतं, आणि दिव्याची मात्राही ठरलेली असते.)

आता एक गोष्ट, जी बाहेरच्यांना दुर्लक्ष वाटते आणि खरं तर सगळ्यात कसबाची आहे: बाळाला हात न लावणं. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात. मेंदूत रक्तस्राव व्हायचा तर तो बहुतेक वेळा पहिल्या ७२ तासांत होतो, आणि रक्तदाबातले चढ-उतार त्याला कारणीभूत ठरतात. म्हणून त्या दिवसांत डोकं सरळ रेषेत ठेवायचं, आवाज आणि उजेड कमी ठेवायचा, आणि जे करायचं ते शक्यतो एका वेळी उरकायचं. बोलायला हे सोपं आहे. पण एक्स-रेवाले त्यांच्या वेळेला येणार, सोनोग्राफीवाले त्यांच्या, रक्त घ्यायला तिसरं कुणी, डॉक्टर तपासायला चौथे. प्रत्येकाचं काम पाच मिनिटांचं, पण बाळाची झोप चार वेळा मोडते. तेव्हा सिस्टरला मध्ये उभं राहून म्हणावं लागतं, "आत्ता नाही, अर्ध्या तासाने डायपर बदलताना तुमचंही करून घेऊ." आणि बाकीच्यांनी ते ऐकावं लागतं. जिथे ऐकतात तिथली टीम चांगली, ही माझी साधी कसोटी आहे.

डायपर बदलणंसुद्धा कसं, ते एकदा नीट बघा. शक्यतो दोघी असतात. एकीचा तळवा बाळाच्या डोक्यावर, दुसरा दुमडलेल्या पायांवर, नुसता टेकवलेला. थोपटायचं नाही, कुरवाळायचं नाही. दुसरी बाळाला किंचित कुशीवर वळवून डायपर काढते. पाय धरून कंबर वर उचलायची नाही, त्याने डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो. मध्येच सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) घसरलं तर दोघी आहे तिथे थांबतात. बाळ सावरलं की पुढे. सगळं झाल्यावरही पहिलीचे हात लगेच उचलले जात नाहीत, आधी एक, मग थोड्या वेळाने दुसरा.

बाकीची मंडळी थोडक्यात. व्हेंटिलेटर आणि श्वासाच्या नळ्या सांभाळणारे श्वसनतंत्रज्ञ (सगळीकडे नसतात, मग तेही डॉक्टर आणि सिस्टरच करतात). शिरेतून जाणारं पोषण आणि दूध यांचा हिशेब मांडणारे आहारतज्ज्ञ. स्तनपानाची समुपदेशक. हातापायांचा ताठरपणा, बाळाला कसं निजवायचं, चोखणं कसं शिकवायचं हे बघणारे थेरपिस्ट. डोळ्यांचे, हृदयाचे डॉक्टर आणि लहान मुलांचे सर्जन. औषधं बनवणारे. यंत्रं चालू ठेवणारे. आणि इन्क्युबेटर (बाळाला ऊबदार ठेवणारी पेटी) धुऊन पुसून पुढच्या बाळासाठी तयार करणाऱ्या मावशी. त्या कामात कसूर झाली तर आमचं सगळं शहाणपण वाया जातं.

आई-बाबांना मी या यादीत शेवटी लिहीत नाहीये. त्यांच्याबद्दल खाली चर्चेत येईलच.

बकुळ

समईताई, अगदी वेळेवर धागा काढलात. माझी मुलगी २९ व्या आठवड्यात झाली, सध्या सीपॅपवर आहे. दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

मशीन वाजलं की माझ्या काळजात धस्स होतं. सिस्टर मात्र मशीनकडे न बघता आधी बाळाकडे बघत उभ्या राहतात. कधी कधी तर आवाज बंद करून निघून जातात. असं का?

दुसरं म्हणजे सकाळचे डॉक्टर म्हणतात दूध वाढवू, रात्रीच्या डॉक्टर म्हणतात आज थांबू. मी कुणाचं खरं मानायचं?

समई

बकुळ, आधी तुला आणि लेकीला खूप खूप शुभेच्छा.

मशीनचं सांगते. मॉनिटर वाजतो त्यातले पुष्कळ अलार्म बाळाने पाय हलवला, सेन्सर सैल झाला, एवढ्यावर वाजतात. म्हणून आम्हाला शिकवतात की आधी बाळ बघ: रंग कसा आहे, छाती हलते आहे का. मग सेन्सर, मग आकडा. बाळ गुलाबी आहे, श्वास चालू आहे आणि आकडा आपोआप वर येतोय असं दिसलं तर हात लावायचा नाही, त्याला स्वतःहून सावरू द्यायचं. श्वास २० सेकंदांपेक्षा जास्त थांबला, किंवा त्याआधीच ठोके घसरले नाहीतर रंग बदलला, तर तळव्याला किंवा पाठीवर हलकंसं चोळलं की बहुतेक बाळं श्वास घेतात. नाही घेतला तर मास्क आणि बॅग हाताशीच असते. ती उभी राहून बघत होती ना, ते बघणं म्हणजेच तिचं काम चालू होतं.

अजून एक तुझ्या लक्षात येईल. सॅच्युरेशन ९८-९९ झालं की तू खूश होशील आणि सिस्टर ऑक्सिजन कमी करेल. बाहेरून ऑक्सिजन चालू असलेल्या कमी दिवसांच्या बाळांत साधारण ९० ते ९५ च्या मध्ये राहावं असं बघतात, म्हणून अलार्म वरच्या बाजूलाही लावलेला असतो. १९४० च्या दशकात आणि १९५० च्या सुरुवातीला इन्क्युबेटरमध्ये मोकळ्या हाताने ऑक्सिजन सोडत. त्यात जगभरात १०,००० च्या आसपास मुलांची दृष्टी गेली असा अंदाज आहे. डोळ्याच्या पडद्यावरच्या कोवळ्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात आणि पडदा ओढला जातो. म्हणूनच तुझ्या मुलीचे डोळेही काही आठवड्यांनी तपासतील. ती तपासणी अजिबात चुकवू नकोस. सगळे गडबडीत असले तर तूच आठवण कर.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला कुणी डॉक्टर उत्तर देतील तर बरं.

रानवाट

मी नवजात शिशु विभागात डॉक्टर आहे. बकुळताई, दोन डॉक्टर दोन गोष्टी बोलले तर त्यातलं एक चूक असेलच असं नाही. सकाळी पोट मऊ होतं म्हणून दूध वाढवायचं ठरलं, संध्याकाळी पोट फुगलं म्हणून थांबवलं, हे रोज होतं. कमी दिवसांच्या आतड्याला सूज येऊन ते सडण्याची भीती असते, म्हणून दूध वाढवताना आम्ही पोटाचं ऐकतो. मात्र निर्णय बदलला आणि का बदलला हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही, ही टीमची उणीव आहे, तुमची समजायची नाही. सकाळच्या राउंडला थांबायची परवानगी मागा. मिळाली नाही तर राउंड झाल्यावर एवढंच विचारा, "आज काय बदललं, आणि कशामुळे?" मी माझ्या ज्युनिअरांना सांगतो की आईला या प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नसेल तर योजना आपल्यालाच नीट कळलेली नाही.

समईंनी वॉर्डातलं लिहिलंच आहे, मी प्रसूतीच्या खोलीतलं लिहितो. बहुतेक बाळं आपली आपण रडतात. थोड्या बाळांना श्वास सुरू करायला मदत लागते, आणि लागली तर ती पहिल्या मिनिटातच द्यावी लागते. म्हणून बाळ बाहेर येण्याआधी कोण कुठे उभं राहणार ते ठरलेलं असतं. एक जण डोक्याकडे, मास्क आणि बॅग त्याच्या हातात. दुसरा छातीच्या बाजूला, ठोके मोजणारा. तिसरी सिस्टर औषधं आणि नोंदी घेऊन. एक जण घड्याळावर. ३२ आठवड्यांच्या आतलं बाळ असेल तर पुसत न बसता थेट स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत मानेपर्यंत घालतात, डोक्यावर टोपी. बघणाऱ्याला विचित्र वाटतं, पण ओल्या अंगावरचं पाणी उडून बाळ गार पडतं ते त्याने थांबतं. या सगळ्यात कुणी ओरडत नाही. "ठोके ८०." "ठोके ८०, ऐकलं." सांगितलेलं उलट म्हणून दाखवायचं, म्हणजे चुकीचं ऐकलं गेलं तर तिथेच कळतं.

अपगार स्कोअर हा शब्द तुम्ही ऐकला असेल. तो व्हर्जिनिया अपगार या भूलतज्ज्ञ बाईंनी मांडला, १९५३ साली छापून आला. ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, प्रतिसाद आणि रंग, प्रत्येकाला ० ते २ गुण, पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला. त्याआधी जन्मलेलं बाळ कसं आहे हे सगळ्यांनी एकाच मापाने बघण्याची रीत नव्हती. पण हे गुण म्हणजे पुढच्या आयुष्याचं भविष्य नव्हे. पाचव्या मिनिटाला कमी गुण असलेली कितीतरी मुलं पुढे छान वाढतात.

फुप्फुसाचं तर सांगायलाच हवं. १९५९ साली मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं की या बाळांच्या फुप्फुसात सर्फॅक्टंट हा निसरडा थर पुरेसा नसतो, म्हणून श्वास सोडताना हवेचे फुगे मिटतात. १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक याच आजाराने जन्मानंतर ३९ तासांत गेला. वैद्यकाच्या हातात तेव्हा फारसं काही नव्हतं. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हावी यांनी आईला प्रसूतीआधी स्टिरॉइड देऊन बाळाचं फुप्फुस तयार करता येतं हे सिद्ध केलं. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी १० बाळांना बाहेरून सर्फॅक्टंट दिलं. एखाद्या आईला वेळेत दिलेलं ते स्टिरॉइडचं इंजेक्शन अर्धी लढाई जिंकून देतं, आणि ते देतात प्रसूतितज्ज्ञ. त्यांनाही या टीममध्ये धरा.

चौकस

चांगला धागा. पण एक शंका आहे. इतक्या नाजूक बाळांजवळ आई-बाबांना सारखं जाऊ दिलं तर संसर्ग वाढणार नाही का? पूर्वी काचेतूनच दाखवायचे. तेच सुरक्षित नव्हतं का?

पिंपळपान

चौकस, मी बाबा म्हणून उत्तर देतो, डॉक्टरांचं डॉक्टर देतील.

आमच्या मुलाला पहिल्यांदा माझ्या छातीवर ठेवलं तेव्हा सिस्टरने मला आधी हात धुवायला शिकवलं. घड्याळ, अंगठी काढून, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांच्या कडा, कोपरापर्यंत. मला वाटत होतं हात धुणं मला येतं. मग खुर्चीत मागे रेलून बसवलं, शर्टाची बटणं उघडली, आणि दोघींनी मिळून नळ्या-वायरींसकट बाळ उचलून माझ्या छातीवर उभं ठेवलं, बेडकासारखे पाय दुमडून, मान एका बाजूला वळवून, हनुवटी किंचित वर. वरून कापड बांधलं. मी श्वास घ्यायलाही घाबरत होतो. सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही नीट श्वास घ्या, त्याला तोच हवाय." मॉनिटरवरचे त्याचे ठोके हळूहळू एकसारखे होत गेले, ते मी स्वतः बघितलं.

त्यानंतर मी रोज जायचो. डायपर, तोंड पुसणं, नळीतून दूध देताना सिरिंज धरणं, सगळं हळूहळू माझ्याकडे आलं. सिस्टर शेजारी उभ्या राहून बघायच्या. मला कुणी पाहुण्यासारखं वागवलं नाही, याचे उपकार मी विसरणार नाही.

रानवाट

पिंपळपान यांनी लिहिलंय त्याला भक्कम आधार आहे. कांगारू केअर (बाळाला असं उघड्या छातीवर ठेवणं) १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा इथे डॉ. एडगर रे यांनी सुरू केली, कारण इन्क्युबेटर कमी होते, एकात दोन-दोन बाळं ठेवावी लागत आणि संसर्गाने बाळं दगावत होती. म्हणजे आईच्या छातीवर ठेवणं हाच संसर्गावरचा तोडगा होता. पुढे २०२१ मध्ये घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातल्या रुग्णालयांतला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १ ते १.७९९ किलोच्या ३,२०० हून अधिक बाळांत, स्थिर होण्याची वाट न बघता जन्मानंतर लगेच कांगारू केअर सुरू केली तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. जंतुसंसर्गही कमी आढळला. आईच्या अंगावरचे जंतू बाळाला बहुधा मित्र असतात. रुग्णालयातले जंतू शत्रू. सर्दी-खोकला, ताप असेल तर मात्र थांबायचं. आणि हात धुण्याचा नियम मोठ्या डॉक्टरांपासून सगळ्यांना सारखाच. मी हात न धुता पेटीला हात लावला तर मला टोकण्याचा हक्क तुम्हाला आहे.

चौकस

मनापासून आभार. माझी समजूत उलटी होती.

तोळामासा

मी रुग्णालयाच्या औषध विभागात फार्मासिस्ट आहे. आमचं काम कुणाला दिसत नाही, म्हणून लिहितो.

मोठ्या माणसाला गोळी एक किंवा दोन. इथे औषध बाळाच्या वजनावर, त्याच्या आठवड्यांवर आणि जन्माला किती दिवस झाले त्यावर ठरतं, आणि दोन बाळांचा डोस क्वचितच सारखा निघतो. औषधाची बाटली मात्र मोठ्यांच्या मापाची. ती विरळ करून दशांश मिलिलिटरमध्ये आणावी लागते. या कामातला सगळ्यात मोठा धोका म्हणजे दशांशचिन्ह. ते एक घर सरकलं की डोस दहापट. म्हणून नियम असे की .५ असं लिहायचं नाही, ०.५ लिहायचं. ५.० लिहायचं नाही, नुसतं ५ लिहायचं. वजन रोजचं ताजं घ्यायचं. आणि धोक्याची औषधं दोघांनी वेगवेगळा हिशेब करून ताडायची. एकाने केलेला हिशेब दुसऱ्याने नुसता वाचून मान डोलवायची नाही. रात्री तीन वाजता फोन करून "सिस्टर, हा डोस मला जास्त वाटतोय" म्हणायला मी कचरत नाही, आणि आजवर कुणी वाईट वाटून घेतलेलं नाही.

रक्ताचंही असंच. १ किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून ९० मिलिलिटरच्या आसपास रक्त असतं. त्यातून तपासणीला १ मिलिलिटर काढणं म्हणजे मोठ्या माणसाचं ५० मिलिलिटरहून जास्त काढल्यासारखं. म्हणून चांगल्या विभागात कुठली तपासणी खरंच हवी यावर वाद होतात, आणि ते व्हायलाच हवेत.

ध्रुव

+१. मी यंत्रं सांभाळतो. ऑक्सिजनचा दाब, हवेची लाइन, व्हेंटिलेटरची बॅटरी, इन्क्युबेटरचं तापमान खरं दाखवतंय का, निळ्या दिव्यांची ताकद कमी झाली आहे का (दिवा पेटलेला दिसतो, पण उपयोगाचा प्रकाश घटलेला असू शकतो, तो मीटरने मोजावा लागतो). मला बाळांची नावं माहीत नसतात. पण कुठल्या पेटीखाली कुठलं यंत्र चालू आहे ते पाठ असतं.

निळाई

लिहू की नको असं बराच वेळ झालं. आमचं बाळ घरी आलं नाही.

शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला एका बाजूच्या खोलीत बसवलं आणि गोल गोल न बोलता सांगितलं की आता उपचारांनी त्याचा त्रास तेवढा वाढतोय. आम्हाला विचारायला वेळ दिला. तेच तेच प्रश्न आम्ही पुन्हा पुन्हा विचारले, त्यांनी पुन्हा पुन्हा उत्तरं दिली. नंतर सिस्टरने नळ्या काढायच्या आधी त्याला पुसलं, कपडा घातला आणि माझ्या मांडीवर दिलं. तोपर्यंत मी त्याला कधीच पूर्ण चेहऱ्यानिशी पाहिलं नव्हतं, नेहमी टेप आणि नळ्या. त्याला दुखू नये म्हणून औषध चालू ठेवलंय हे तिने मला न विचारता सांगितलं. पावलांचे ठसे घेऊन दिले. तिची ड्युटी संपली होती, ती थांबली.

वरती सगळे बाळं वाचवण्याबद्दल लिहितायत, ते बरोबरच आहे. हेही त्याच टीमचं काम असतं, एवढं इथे नोंदवावंसं वाटलं.

समई

निळाई, तुम्ही लिहिलंत, त्याबद्दल तुमचे आभार कसे मानू कळत नाही. या कामासाठी आता वेगळं प्रशिक्षण असतं, पण सगळीकडे पोचलेलं नाही. तुमचा प्रतिसाद मी आमच्या नवीन मुलींना वाचायला देणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

निळाई

अजिबात हरकत नाही. जरूर द्या.

बकुळ

धाग्यावर परत आले, चांगली बातमी आहे. सीपॅप निघालं, नळी निघाली, वाटीने आणि अंगावर दोन्ही घेते. टाचेतून रक्त घेताना आता मीच तिला दोन्ही हातांनी गोळा करून धरते आणि जिभेवर माझ्या दुधाचे थेंब सोडते. खरंच कमी रडते. डॉक्टर घरी सोडायचं बोलतायत आणि मला मात्र घाबरायला झालंय. घरी मॉनिटर नाही. काय काय विचारून घेऊ?

समई

अगं वा! टाचेच्या वेळी तू करतेस ते फार मोलाचं आहे. १९८० च्या दशकापर्यंत नवजात बाळांना वेदना फारशा कळत नाहीत असं मानून कितीतरी ठिकाणी शस्त्रक्रियेतही पुरेशी भूल देत नसत. १९८७ मध्ये के. जे. एस. आनंद आणि सहकाऱ्यांनी नीट भूल दिलेली बाळं शस्त्रक्रियेतून जास्त चांगली सावरतात हे दाखवल्यावर ते बदललं.

आता घरी जाण्याचं. सोडण्याआधी ती पेटीबाहेर साध्या कपड्यांत तापमान टिकवते का, नळीशिवाय पोटभर पिते का, वजन सलग वाढतंय का, आणि श्वास थांबण्याचे प्रकार थांबून पुरेसे दिवस झालेत का, हे बघतात. हे सगळं जमलंय म्हणूनच मॉनिटर काढतायत. तू विचारून लिहून घे: डोळ्यांची पुढची तपासणी कधी, ऐकण्याची चाचणी झाली का (एनआयसीयूतल्या बाळांची मेंदूपर्यंतचा आवाज तपासणारी चाचणी करतात, साधी नाही), मेंदूची सोनोग्राफी काय म्हणते, लसी कधी, औषधं कुठली आणि किती थेंब. औषधाचा थेंब सिस्टरसमोर तू स्वतः मोजून दाखव.

एक खास सांगते. वॉर्डात तू तिला पालथी झोपलेली बघितलं असशील. तिथे मॉनिटर आहे आणि आमची नजर आहे म्हणून चालतं. घरी झोपवताना नेहमी पाठीवरच, सपाट घट्ट गादीवर, उशी आणि मऊ खेळणी न ठेवता. शक्य असेल तर जाण्याआधी एक-दोन रात्री तिच्याबरोबर रुग्णालयातच राहा, सगळं तूच कर आणि सिस्टरला फक्त हाकेच्या अंतरावर राहू दे.

पिंपळपान

बकुळताई, अभिनंदन! एक भर घालतो. लसी जन्मतारखेप्रमाणे, पण बसणं, रांगणं, बोलणं मोजताना दिवस भरले असते ती तारीख धरायची. ती ११ आठवडे आधी आली ना, मग पहिल्या वाढदिवसाला तिला साडेनऊ महिन्यांचं समजून बघा. साधारण दोन वर्षांपर्यंत असंच मोजतात. शेजारणीच्या बाळाशी तुलना करू नका आणि पुढच्या तपासण्यांच्या तारखा चुकवू नका. आमच्या मुलाच्या पायातला ताठरपणा अशाच एका तपासणीत लवकर पकडला गेला, लगेच व्यायाम सुरू झाले, आणि आता तो पळतो.

बकुळ

सगळ्यांचे प्रतिसाद वहीत उतरवून घेतलेत. डोळ्यांची तारीख आजच विचारली, पुढच्या आठवड्यात आहे. ती झाली की इथे कळवते.